मद्यपी वाहनचालन आणि मोटार विमा (बंगळुरू)

मद्य किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहन चालविल्याने मोटार विम्याच्या लाभांवर होणारा परिणाम. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळणे हा गुन्हा आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होतात. बंगळुरूतही हाच केंद्रीय कायदा लागू आहे.

दोषसिद्धीमुळे विमापत्र आपोआप रद्द होत नाही. लाभ नाकारण्यासाठी अपघाताच्या क्षणी चालक नशेत होता का, हे पाहिले जाते. नशेत असल्यास गाडीच्या नुकसानीची भरपाई आणि मालक-चालकाचे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण, दोन्ही विमापत्राच्या अटींनुसार मिळत नाहीत. इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस (२०२१) या खटल्यात, श्वास वा रक्ताची चाचणी झालेली नसली तरी विमा कंपनी परिस्थितीजन्य पुराव्यावरून नशा सिद्ध करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. दिल्लीत २००७ मध्ये अपघात झालेल्या पोर्श मोटारीचा तो दावा होता. दावा नाकारल्यास बंगळुरूचा विमाधारक ग्राहक आयोगाकडे किंवा शहरातील विमा लोकपालाकडे दाद मागू शकतो.

तृतीय पक्षाची, म्हणजे जखमींची व मृतांच्या वारसांची, स्थिती वेगळी आहे. त्यांचे दावे बंगळुरूत लघुवाद न्यायालयातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. चालकाच्या नशेचा भुर्दंड त्यांच्यावर पडू नये म्हणून कंपनीने आधी भरपाई द्यावी व नंतर ती विमाधारकाकडून वसूल करावी, असे तत्त्व न्यायालयांनी अवलंबिले. केरळ उच्च न्यायालयाचा २०२३ चा निर्णय त्याचे उदाहरण होय. मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने मात्र नशेत वाहन चालविणे हे कंपनीच्या बचावाच्या कारणांत समाविष्ट केले. अधिनियमातील विम्याविषयीचे हे सुधारित प्रकरण १ एप्रिल २०२२ पासून अमलात आले.

दोषसिद्धीचा विम्यावरील परिणाम मुख्यतः परवान्यामार्फत होतो : न्यायालयाने अपात्र ठरविलेल्या काळात गाडी चालविल्यास, चालक शुद्धीत असला तरी, संरक्षण धोक्यात येते. दावा न केल्याबद्दलची हप्त्यातील सवलत दाव्यांवर अवलंबून असते, शिक्षेवर नव्हे. वाहतूक नियमभंगाशी हप्ता जोडण्याचा प्रस्ताव विमा नियामकाच्या कार्यगटाने २०२१ मध्ये मांडला. त्यात मद्यपी वाहनचालनास सर्वाधिक, १०० गुण होते. भारतातील या स्थितीच्या उलट, कॅनडातील ओंटारिओ प्रांतात दोषसिद्धीनेच चालकाची उत्पन्नभरपाई थांबते.