मुरूम, पाणी आणि दाब

पुण्याहून निघालेला महामार्ग बंगळूर शहरात शिरताना पीण्या औद्योगिक क्षेत्राच्या कडेने जातो. लहानमोठ्या कारखान्यांच्या या वसाहतीत रस्ते दाबणारे कंपक रोलरही तयार झाले. इंगरसोल-रँड कंपनीचा हा व्यवसाय 2007 साली व्होल्वो कंपनीकडे गेला. रोलर नुसता जड असून भागत नाही, तो थरथरलाही पाहिजे, हे ज्ञान मानवाला सहजासहजी लाभलेले नाही.

अंगणात मुरूम पसरावा, पाणी शिंपावे आणि चोपण्याने बडवावा, ही महाराष्ट्रातली जुनी रीत होय. किती पाणी व किती बडवणे पुरे, हे अनुभवी हातालाच कळे. रस्त्याच्या कामावरही मुकादमाची नजर हेच माप होते. त्याला शास्त्राचे रूप 1933 साली अमेरिकेत राल्फ प्रॉक्टर यांनी मातीच्या धरणांच्या निमित्ताने दिले. साच्यात मातीचे 3 थर घालावेत आणि प्रत्येकावर ठराविक उंचीवरून धुमसाचे 25 ठोके द्यावेत, अशी त्यांची कसोटी. पाणी कमी असेल तर कण परस्परांवरून सरकत नाहीत. अधिक झाले, तर पाणीच जागा अडवून बसते. या दोहोंमधल्या एका बिंदूवर माती सर्वांत घट्ट होते.

पुढे दुसऱ्या महायुद्धात अवजड विमानांच्या धावपट्ट्यांसाठी अधिक कठोर कसोटी निघाली. भारतीय मानकांतही दोन्ही आहेत: हलकीत 2.6 किलोचा धुमस 310 मिलिमीटरवरून पडतो, जडीत 4.9 किलोचा 450 मिलिमीटरवरून, आणि थर 5 असतात. श्रम सुमारे साडेचार पट होतात. घनता मात्र शेकडा थोडीच वाढते, आणि त्यासाठी लागणारे पाणीही कमी होते.

वाळू व खडीमिश्रित मुरूम यांची प्रकृती आणखी निराळी. सुट्या वाळूवर ठोका बसला की कण बाजूला पळतात. किंचित ओलावा असला, तर पाण्याचा पातळ पडदाच त्यांना धरून ठेवतो. ठिसूळ मुरमावर अतिरेकी मारा केला, तर खड्यांचा भुगा होतो, आणि तो बारीक भुगा पाणी धरून ठेवतो. अशा मातीला कंपन मानवते: कणांमधले घर्षण क्षणभर सैल होते आणि ते आपापल्या जागी बसतात.

1943 साली नागपूरच्या परिषदेत मुख्य अभियंत्यांनी देशभरातील रस्त्यांची वीस वर्षांची योजना आखली. एवढे रस्ते बांधायचे, तर गावोगावची माती ओळखणे अटळच होते. आज महामार्गाच्या डांबराखालच्या मातीला जड कसोटीतील घनतेच्या किमान 97 टक्के घनता गाठावी लागते. ती गाठली नाही, तर डांबर कितीही उत्तम असो, पावसाळ्यानंतर रस्ता चाकोऱ्यांनी खचतो आणि जनतेचा पैसा मातीत जातो. रस्त्याचे आयुष्य जो थर कोणालाही दिसत नाही त्यावर ठरते, आणि तो थर नुसत्या बळाने नव्हे, तर मातीचा स्वभाव जाणून लावलेल्या बळानेच पक्का होतो.