सूचनाफलक, आस्थापनांतील
दुकान, उपाहारगृह, केशकर्तनालय, मालिश केंद्र इ. ठिकाणी दर्शनी जागी लावणे कायद्याने आवश्यक ठरविलेले नोंदणीपत्र, सूचना वा नामफलक. मालकावरील बंधने कामगार व ग्राहक यांना कळावीत, हा त्यांचा हेतू होय.

यवतमाळ जिल्हा वऱ्हाडात मोडत असल्याने तेथे प्रथम मध्य प्रांत व वऱ्हाड दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४७ अंमलात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जिल्हा मुंबई राज्यात समाविष्ट झाला. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ विदर्भास लागू करण्यात आला. त्यातील ‘दुकान’ या संज्ञेत ग्राहकांना सेवा पुरविणाऱ्या जागांचाही अंतर्भाव असल्याने मालिशचा व्यवसाय वेगळ्या उल्लेखाविना तिच्या कक्षेत येई. नोंदणीपत्र ठळकपणे लावणे आणि साप्ताहिक सुटीच्या दिवसांची यादी प्रदर्शित करणे मालकावर बंधनकारक होते. सुटी नाकारली गेल्यास कामगाराला त्या यादीकडे बोट दाखविता येई.

२०१७ च्या महाराष्ट्र अधिनियमाने मूलतः १० पेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना नोंदणीतून व बहुतेक तरतुदींतून वगळले. व्यवसाय सुरू केल्याची माहिती कळविणे त्यांना पुरेसे ठरले. दोन-तीन कामगारांची मालिश केंद्रे साहजिकच या वर्गात आली. २०२२ च्या दुरुस्तीने देवनागरी लिपीतील मराठी नामफलक सर्व आस्थापनांना सक्तीचा केला. मराठी अक्षरे इतर लिपींतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असेही ठरविले. त्याच्या पालनासाठी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतील किरकोळ व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. परिणामी लहान आस्थापनांत ग्राहकासाठीचा फलक सक्तीचा झाला, तर कामगाराच्या सुटीची यादी लावण्याचे बंधन उरले नाही.