उपेक्खा म्हणजे दुर्लक्ष नव्हे

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत राबणाऱ्या माणसाला 'उपेक्षा' हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. उपेक्षित समाज, उपेक्षित वस्ती, उपेक्षित कंत्राटी कामगार हे तो ऐकत आलेला असतो. तोच माणूस वर्षावासात विहारात बसतो आणि दहा पारमितांत शेवटची 'उपेक्षा' आहे असे ऐकतो, तेव्हा गोंधळतो. जे आपल्या वाट्याला आले, तेच आता साधायचे?

पालीत हा शब्द 'उपेक्खा' असा आहे. संस्कृत 'उप' आणि 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. निरीक्षण, परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा, अगदी अपेक्षासुद्धा याच धातूची. म्हणजे मुळात पाहणे आहे, तोंड फिरवणे नाही. पुढे 'पाहत राहणे पण हात न घालणे' असा अर्थ आला आणि मराठीत निव्वळ हेळसांड उरली. 'दुर्लक्ष' हा निराळाच शब्द. तिथे लक्षच नसते. अशा गाफीलपणाला धम्मात 'पमाद' म्हणतात, आणि महापरिनिब्बान सुत्तानुसार तथागतांचा अखेरचा उपदेश त्याच्या उलट, अप्पमादाचा आहे.

आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात उपेक्खेचे शत्रू सांगितले आहेत. राग आणि द्वेष हे दूरचे. जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून येणारी बेफिकिरी. ती दिसायला हुबेहूब उपेक्खेसारखी, म्हणूनच जास्त घातक. भट्टीवर काम करणाऱ्याने हातमोजे मागितले आणि कोणी 'धम्मात आहेस ना, मग सोस' म्हणाले, तर तो हाच जवळचा शत्रू, असे आमचे स्पष्ट मत आहे.

1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी उपेक्षा आणि बेपर्वाई यांत सरळ फरक केला. फळाने विचलित व्हायचे नाही, पण त्यासाठीचा प्रयत्न सोडायचा नाही, असा त्यांचा अर्थ. याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात मार्च 1920 मध्ये शाहू महाराजांच्या उपस्थितीत बाबासाहेबांनी परिषद घेतली, ती काही सोसत बसण्यासाठी नव्हे.

विपश्यना शिबिरांत उपेक्खेसाठी 'समता' म्हणतात. आळत्याच्या धम्मालयात जाऊन आलेल्यांना ते ठाऊक आहे. पण आपल्याकडे समता म्हटले की स्वातंत्र्य आणि बंधुता यांच्यामधला शब्द आठवतो. तेव्हा आम्ही तरी पाली 'उपेक्खा'च लिहितो.