हुबळीची तीन पत्रे

पुण्यात १८८१ च्या जानेवारीत एकाच मित्रमंडळाने दोन दिवसांच्या अंतराने ‘मराठा’ व ‘केसरी’ ही दोन पत्रे काढली, तेव्हा एकातला मजकूर दुसऱ्यात उतरल्याचा आळ येण्याचे भय त्यांस फारसे नव्हते. कारण एक इंग्रजी, दुसरे मराठी, आणि भाषेची भिंत मधोमध आपोआप उभी होती. किर्लोस्करवाडीस शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये आरंभिलेल्या आपल्या मासिकास १९३० त ‘स्त्री’ व १९३४ त ‘मनोहर’ यांची जोड दिली, तेव्हा भाषा एक असली तरी वाचक निरनिराळे कल्पिलेले होते. परंतु जेथे भाषा एक, वाचणारे घरही पुष्कळदा एक आणि लिहिणारे हातही बव्हंशी तेच, तेथे तीन पत्रांचा मजकूर परस्परांपासून अलग कसा राखावा, हा प्रश्न खऱ्या अर्थाने हुबळीच्या पदरी पडला. आणि आपल्या उंबरठ्याशी घडलेला हा इतिहास मराठी वाचकास अपरिचित असावा, हे मला थोडे चमत्कारिकच वाटते.

थोडे चमत्कारिक अशासाठी की, हुबळी ज्यात येते तो धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईच्या अमलाखाली होता, आणि डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्यांनी खटपट करून कानडी शाळांचा जम बसविण्यापूर्वी तेथील कानडी पोरे शाळेत मराठीच घोकीत असत. दप्तर मराठी आणि घर कानडी, असा तो काळ. याच्या उलट, मराठी घरात वाढून कानडीचे थोर कवी झालेले द. रा. बेंद्रे हेही धारवाडचेच.

या धारवाडात १९२१ मध्ये ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक निघाले. त्याचे संपादक रंगनाथ दिवाकर पुढे केंद्रीय मंत्री व बिहारचे राज्यपाल झाले. पण त्या वेळी १९१० चा छापखान्यांचा कायदा जारी होता, सरकारच्या मनात येईल तेव्हा जामिनाची रक्कम मागितली जाई, आणि संपादकाचे आसन व कारागृह यांत अंतर थोडे असे. बेळगावात जन्मलेले दैनिक ‘संयुक्त कर्नाटक’ पुढे हुबळीस आले. लोकशिक्षण ट्रस्ट स्थापन होऊन या पत्रांचा कारभार व्यक्तीच्या हातून संस्थेच्या हाती गेला. आणि १९५६ मध्ये ‘कस्तुरी’ हे मासिक निघून दैनिक, साप्ताहिक व मासिक अशी त्रयी पूर्ण झाली.

अशा त्रयीत मोह कोणता, हे छापखान्यात वावरलेल्यास सांगावयास नको. सोमवारचा अग्रलेख चार ओळी इकडेतिकडे करून रविवारच्या साप्ताहिकात लोटावा, महिनाअखेर त्यालाच नवे शीर्षक देऊन मासिकात बसवावा. खिळे जुळविण्याचे श्रम तेवढे पुन्हा, विचाराचे मुळीच नाहीत. परक्याचा उतारा त्याच्या नावानिशी छापणारा संपादक माझ्या मते प्रामाणिक आहे. स्वतःचाच शिळा लेख नव्या नावाने वाढणाऱ्याविषयी मात्र मला तसे म्हणवत नाही, कारण त्यात फसविला जातो तो वर्गणी भरणारा.

‘कस्तुरी’ची अडचण आणखी निराळी होती. अमेरिकेत १९२२ पासून निघणाऱ्या ‘रीडर्स डायजेस्ट’च्या, किंवा आपल्या नाशिकच्या ‘अमृत’च्या जातीचे ते मासिक, म्हणजे इतरांच्या ग्रंथलेखांचे सार काढणे हाच त्याचा व्यवसाय. त्याची धुरा अनेक वर्षे वाहिली ती पा. वें. आचार्य यांनी. १९१५ साली उडुपीस जन्मलेला हा गृहस्थ ट्रस्टच्या इतर पत्रांतूनही लिहीत असे, आणि विनोदी लेखनासाठी त्याने ‘लांगूलाचार्य’ असे शेपटीचे नाव धारण केले होते. टोपणनावामागे तोंड लपविण्याचा हेतू बहुतेकांच्या ठायी असतो. आचार्यांच्या बाबतीत मात्र, माझा तर्क असा की, ते नाव म्हणजे कामाची वाटणी होती. लांगूलाचार्याने ज्याची थट्टा करावी त्यावरच संपादकाने गंभीरपणे लिहिले, तरी दोन्ही लेख निरनिराळे वठत, कारण प्रश्न विचारणाराच बदललेला असे.

सार काढण्यातही कसब आहेच. बारा पानांची तीन पाने करताना काय सोडावे हे ज्यास कळते, त्याने मूळ लेख दुसऱ्यांदा विचारात घेतलेला असतो. केवळ कात्री चालविणाऱ्याच्या हातून उरते ते चिरफळ्यांचे गाठोडे. तथापि आचार्यांची योग्यता मला दिसते ती संक्षेपापेक्षा ‘पदार्थचिंतामणि’ या त्यांच्या सदरात. कानडी शब्दांची कुळे शोधण्याचा हा उद्योग कोणत्याही विलायती मासिकातून कातरून आणता येण्याजोगा नव्हता. तुळू, संस्कृत, फारसी, आणि अर्थातच मराठी, यांच्या शेजारात नांदलेल्या भाषेचा तो हिशेब तेथेच बसून मांडावा लागे. उसन्या मजकुरावर चालणाऱ्या मासिकात तो छापून आला, आणि पुढे ग्रंथरूपानेही निघाला.