कराचीच्या मोहिमेतला टँकर

आपल्या शिरूर-दौंडकडं टँकर म्हटलं की डोळ्यांपुढं येतो तो एप्रिल-मेमधला पाण्याचा टँकर आणि त्याच्यापुढं लागलेली हंड्यांची रांग. समुद्रावरही टँकर असतात, नौदलाचे. दर ४ डिसेंबरला नौदल दिनाच्या पोस्टींचा पूर येतो. त्यात हे टँकर कुठंच दिसत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

हा दिवस साजरा होतो १९७१ च्या ऑपरेशन ट्रायडंटमुळं. निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौका रात्री कराचीपर्यंत गेल्या. पाकिस्तानची खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज बुडवली. निपातनं बंदराच्या तेलटाक्यांवर क्षेपणास्त्र सोडलं. किल्तान आणि कछाल सोबतीला होत्या. इथवर बऱ्याच जणांना पाठ असतं. पण या रशियन नौका मुळात किनाऱ्याच्या राखणीसाठी बांधलेल्या. वेग भन्नाट, पल्ला तोकडा. म्हणून त्या ताफ्यात आणखी एक जहाज होतं, 'पोषक'. तेलवाहू. शत्रूचं तेल जाळायला निघालेल्यांना आपलं तेल बरोबर न्यावं लागलं होतं!

दौंडच्या जुन्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. वाफेच्या इंजिनाला जंक्शनवर पाणी मिळाल्याशिवाय गाडी पुढं सरकत नसे. भर समुद्रात जंक्शन नाही, तर मग जंक्शनच ताफ्याबरोबर चालवायचं. टँकर आणि युद्धनौका काही मीटरचं अंतर राखून एकाच वेगानं शेजारी-शेजारी धावतात. आधी दोर टाकतात, दोरावरून पाइप जातो, मग तेल. लाटा उसळत असल्या तरी थांबायचं नाही. सुकाणूवरच्या माणसाचा हात जरा हलला तर टक्कर, नाहीतर पाइप तुटला.

मोठ्या टँकरांचा इतिहास मात्र बराचसा परदेशात घडला. पहिलं 'दीपक' १९६७ चं, पश्चिम जर्मनीत बांधलेलं, १९९६ पर्यंत राबलं. त्यानंतरचं 'शक्ती'ही जर्मनच. २००६ मध्ये लेबनॉनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा आपली माणसं सोडवायला गेलेल्या चार जहाजांत 'मुंबई', 'ब्रह्मपुत्रा' आणि 'बेतवा'बरोबर हे टँकरही होतं. 'ज्योती' रशियाचं, १९९६ चं. 'आदित्य' तेवढं कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीतलं. १९९३ मध्ये पाण्यात उतरलं आणि नौदलात दाखल झालं २००० साली! सात वर्षं. आपल्याकडच्या उड्डाणपुलांची आठवण झाली ना?

आताचं 'दीपक' इटलीचं. २१ जानेवारी २०११ ला मुंबईत नौदलात आलं. पोलादाच्या दर्जावरून कॅगनं ताशेरे ओढले होते, तेही नोंदवून ठेवतो. पण कामाचं जहाज आहे. लांबी १७५ मीटर, पोटात साडेपंधरा हजार टन द्रव माल. नगर रोडवर दिसतो तो वीस हजार लिटरचा टँकर धरला, तर नऊशेवर टँकर एका जहाजात. शिवाय धान्य, भाजीपाला, दारूगोळा. २०१३ च्या नोव्हेंबरात 'विक्रमादित्य' रशियाहून निघाली, तेव्हा तिच्या सोबतीला हेच 'दीपक' होतं. टीव्हीवर दिसली ती विक्रमादित्य.

एवढा मोठा किनारा आणि दोन्ही समुद्रांत ताफे, त्यांच्यासाठी असे मोठे टँकर फक्त चार. ऑगस्ट २०२३ मध्ये पाच नव्या जहाजांचा करार झाला, सुमारे १९ हजार कोटींचा. प्रत्येक जहाज ४४ हजार टनांचं, विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये बांधायचं. पहिलं पोलाद १० एप्रिल २०२४ ला कापलं गेलं. पहिलं जहाज २०२७ मध्ये द्यायचं ठरलंय. 'आदित्य'ची सात वर्षं लक्षात ठेवून ही तारीख मी डायरीत लिहून ठेवली आहे.