पानिपत : रसदेच्या आडवाटा



पानिपतचे नाव निघाले की १४ जानेवारी १७६१ चा दिवस आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. विश्वासरावांना लागलेली गोळी आणि भाऊसाहेबांचे रणात दिसेनासे होणे, यांवर आपण आजही हळहळतो. परंतु त्या दिवसाचा निकाल पुष्कळसा आधीच्या अडीच महिन्यांत, धान्याच्या वाटांवर लागला होता, हेच आज सांगावयाचे आहे.

१७ ऑक्टोबर १७६० रोजी मराठ्यांनी कुंजपुरा जिंकला, तेव्हा तेथील धान्यसाठा त्यांच्या हाती आला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. राजमार्ग बंद झाला. उरल्या त्या आडवाटा. दुआबात गोविंदपंत बुंदेल्यांनी शत्रूची रसद तोडावयाची, पतियाळ्याच्या आलासिंगाकडून धान्य यावयाचे आणि दिल्लीहून नारो शंकरांनी द्रव्य पाठवावयाचे, अशी ती व्यवस्था होती.

डिसेंबरात अताईखानाने अचानक छापा घालून गोविंदपंतांना ठार केले. जानेवारीच्या आरंभी पराशर दादाजी खजिना घेऊन दिल्लीहून निघाले. रुपये स्वारांजवळ वाटून दिले होते आणि प्रवास रात्रीचा होता. अंधारात वाट चुकली. समोरची छावणी आपलीच समजून ही मंडळी अब्दालीच्या तळात शिरली. मराठी बोल कानी पडताच अफगाणांनी त्यांना ओळखले व कापून काढले. इकडे छावणीत उपासमार सुरू झाली. अखेर उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे सैन्यानेच भाऊसाहेबांना विनविले.

येथे १६८९ चे स्मरण होते. राजाराम महाराज वेषांतर करून पन्हाळ्याहून जिंजीकडे निघाले, तेव्हा मोगल त्यांच्या पाठीवर होते. तरीही ते सुखरूप पोहोचले, कारण वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मांसारखी आश्रय देणारी माणसे होती. पानिपतात तो आधार नजीबखान रोहिल्यामुळे अब्दालीला लाभला. दुआबाचे धान्य त्याच्या तळावर जात राहिले.

गुप्त वाट केवळ अंधाराने गुप्त राहत नाही. ज्यांच्या शिवारातून ती जाते, त्यांच्या सद्भावाने ती राखली जाते. पानिपतावर मराठ्यांचे शौर्य उणे पडले नाही. परमुलखात त्यांना पुरेसे सोबती जोडता आले नाहीत. आपल्या प्रांतापासून दूर वसलेल्या आपण मंडळींनी तरी हा धडा विसरू नये.