घर आधी की शाळा आधी?
वर्धा जिल्ह्यातील वसाहतींचा एक वृत्तान्त



ज्युबिलीच्या स्मरणिकेत देवळाच्या पायाभरणीचा, धर्मगुरूंच्या सेवेचा आणि दात्यांच्या औदार्याचा वृत्तान्त येतो, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु देवळाच्या आधी वस्ती असते, आणि वस्तीच्या आधी एकेका कुटुंबाचा एक निर्णय असतो: बिऱ्हाड कोठे करावे? आपल्यापैकी पुष्कळांची घराणी ह्या वर्धा जिल्ह्यातील मूळची नव्हेत. कोणी आगगाडीच्या खात्यात, कोणी गिरणीत, कोणी दारूगोळ्याच्या कोठारात, कोणी इस्पितळात वा शाळेत नोकरी लागली म्हणून येथे आले. जिल्हा नोकरीने ठरविला. जिल्ह्यात राहावयाचे कोठे, हे मात्र ज्याचे त्यास ठरवावे लागले. ह्या निवडीचा इतिहास सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. तो थोडासा येथे सांगावा, असा आमचा हेतू आहे.

प्रथम आमचीच चूक सांगतो. बदलीचा हुकूम हाती घेऊन आम्ही ह्या जिल्ह्यात आलो, तेव्हा भाडे थोडे, अंगण प्रशस्त आणि विहिरीचे पाणी गोड एवढेच पाहून लोहमार्गापलीकडे घर घेतले. शाळा अर्ध्या मैलाच्या आत होती. तिची घंटा आमच्या ओसरीवर ऐकू येई. परंतु मध्ये लोहमार्ग होता. फाटक पडले की मालगाडी निघून जाईपर्यंत आमच्या लेकीस दप्तर सावरीत उभे राहावे लागे. मृग लागला आणि घरापुढील पांदण काळ्या मातीच्या चिखलाने भरून गेली. वहाणा हातात घेऊन ती शाळेत पोहोचे, तो पहिला तास संपलेला असे. पुढे पुढे ती जाण्याचीच टाळाटाळ करू लागली. भाड्यात जे चार पैसे वाचले ते आम्हांस आज आठवतही नाहीत. तिचे जे वर्ष बुडाले ते मात्र आठवते. तेव्हापासून कोणी नवा गृहस्थ गावात आला आणि घराविषयी विचारू लागला, की आम्ही त्यास उलट प्रश्न करतो, ‘मुले किती, आणि शाळा कोणती?’

आता मागे वळू. वर्धा हे शहरच मुळी कामाच्या सोयीसाठी जागा बदलून वसविलेले आहे. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा काढण्यात आला, तेव्हा त्याचे मुख्य ठाणे पुलगावजवळील कवठा येथे होते. मुंबईहून नागपुरास जाणारा लोहमार्ग तयार होत असता, १८६६ साली ते ठाणे उचलून पालकवाडी नावाच्या लहानशा खेड्याच्या जागी आणण्यात आले, आणि नदीच्या नावावरून त्यास वर्धा हे नाव मिळाले. पुढल्याच वर्षी गाडी नागपुरास पोहोचली. म्हणजे आपले शहर हे कोणा राजाच्या गढीभोवती किंवा तीर्थाच्या घाटावर वाढलेले नव्हे. कचेरी, स्थानक आणि कापसाचा बाजार ह्यांच्या भोवती ते आखून वसविले गेले. अशा शहरात पहिल्या पिढीचे लोक कामाजवळ राहतात. त्यांच्या मुलांचे काय, हा प्रश्न मागाहून उभा राहतो.

हिंगणघाट आणि पुलगाव येथेही तेच घडले. हिंगणघाटचा कापूस फार पूर्वीपासून नावाजलेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही गावी कापडगिरण्या उभ्या राहिल्या, सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने निघाले, आणि मजुरांच्या चाळी त्यांच्या आसपास वसल्या. गिरणीच्या भोंग्यावर ज्याची रोजी अवलंबून, तो भोंगा ऐकू येईल अशाच ठिकाणी झोपडी घालणार, हे उघड आहे. त्यास निवड अशी नव्हतीच. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुलगावास लष्कराचे दारूगोळ्याचे मोठे कोठार झाले, आणि त्याबरोबर नोकरदारांची आणखी एक वस्ती आली. ह्या सर्व ठिकाणी घर आणि काम ह्यांतील अंतर प्रथम मोजले गेले. घर आणि शाळा ह्यांतील अंतर, ज्यास परवडले त्यानेच मोजले. नागपुरास सेंट फ्रान्सिस द सेल्स विद्यालय १८७० पासून होते. पण वर्ध्याहून नागपूर आगगाडीने सुमारे एकोणपन्नास मैल, म्हणजे मूल वसतिगृहात ठेवल्यावाचून गत्यंतर नाही. चांगली शाळा आहे, परंतु मूल रात्री घरी नाही, अशी ती सोय होती.

वर्ध्यास ह्या बाबतीत जे वेगळे वळण लागले, त्यास एक मनुष्य विशेष कारण झाला. जमनालाल बजाज हे स्वतःच बाहेरून आलेले. १८८९ साली राजपुतान्यात सीकरजवळील एका खेड्यात जन्म, आणि बालपणीच वर्ध्याच्या बच्छराज शेटजींच्या घरी दत्तक. कापसाच्या व्यापारात जे मिळविले त्यातील मोठा भाग त्यांनी शिक्षणाकडे लावला. प्रथम वसतिगृह, मग मारवाडी विद्यालय, आणि १९१४ साली शिक्षा मंडळ असा तो क्रम आहे. व्यापाऱ्याने बाजारपेठेच्या गावात, घरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी शाळा काढली, ही गोष्ट आज साधी वाटेल. परंतु तिने बिऱ्हाडांचा हिशेब बदलून टाकला. नोकरीसाठी आलेला मनुष्य आता कुटुंब मागे न ठेवता येऊ शकत होता.

ह्याच विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास शिक्षणतज्ज्ञांची जी परिषद भरली, तिचे अध्यक्ष महात्मा गांधी होते, आणि तिच्यातूनच ‘वर्धा शिक्षणयोजना’ निघाली. आपणही ज्युबिली साजरी करीत आहो. म्हणून एका शाळेच्या ज्युबिलीतून एवढे मोठे कार्य निघाले, हे येथे मुद्दाम नमूद करतो. परिषदेने डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या उपयुक्त हस्तव्यवसायाच्या आधाराने, हा त्या योजनेचा गाभा.

त्या समितीचे निमंत्रक होते एडवर्ड विल्यम्स आर्यनायकम्. हे गृहस्थ सिंहलद्वीपातील जाफना येथील ख्रिस्ती कुटुंबातील. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात त्यांनी काम केले. तेथूनच ते व त्यांची पत्नी आशादेवी वर्ध्यास आली, आणि मारवाडी विद्यालय, जे पुढे नवभारत विद्यालय झाले, त्याची धुरा त्यांनी सांभाळली. तंजावरकडील दुसरे ख्रिस्ती विद्वान जे. सी. कुमारप्पा हे मुंबईतील हिशेबतपासनिसाचा चालता धंदा सोडून आले होते. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा त्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीत ठाण मांडले. आपल्या पंथाचे हे नव्हते, तरी ख्रिस्ती घरात वाढलेली ही माणसे कामासाठी आपल्याच जिल्ह्यात येऊन राहिली, आणि दोघांनीही कामाच्या आवारातच घर केले, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

येथवर शाळेजवळ घर करणाऱ्यांची कथा झाली. परंतु ह्याच जिल्ह्यात नेमके उलट करणारेही झाले, आणि त्यांची गोष्ट सांगितल्यावाचून आमचा लेख प्रामाणिक ठरणार नाही. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्धा शहर सोडून सुमारे पाच मैलांवरील सेगावास गेले. त्यांच्या आधी मीराबेन तेथे जाऊन राहिल्या होत्या. गावात धड रस्ता नाही, टपालाची सोय नाही, हिवतापाचा उपद्रव, आणि पावसाळ्यात तीच काळ्या मातीची पांदण, जिने आमच्या लेकीचे वर्ष बुडविले. शेगावच्या नावाशी घोटाळा होऊन पत्रे भलतीकडे जात, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम करण्यात आले. चांगली शाळा जवळ आहे म्हणून हे गाव कोणी निवडले नव्हते. परंतु १९३८ साली हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन होऊन त्याचे ठाणे तेथे झाले. आर्यनायकम् दांपत्य तेथे राहावयास गेले, आणि गावच्या पोरांसाठी गावातच शाळा सुरू झाली. कस्तुरबा इस्पितळ उभे राहिले, आणि १९६९ साली तेथेच वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्या महाविद्यालयाच्या पायी नोकरीसाठी आलेली कित्येक कुटुंबे आज सेवाग्रामात आहेत. नव्या तालमीची शाळाही मध्यंतरी बंद पडून २००५ पासून आनंद निकेतन ह्या नावाने पुन्हा चालू आहे.

तेव्हा शाळेकडे घर न्यावे, की घराकडे शाळा आणावी, ह्या दोन्ही वाटा आपल्या जिल्ह्याने चालून पाहिल्या आहेत. अंतर मात्र दोन्ही वाटांवर एकाच मापाने मोजले गेले, आणि ते माप म्हणजे लेकराचे पाऊल. परदेशातही विचार करणारे ह्याच मापावर आले. १९२९ साली न्यूयॉर्कच्या क्लॅरन्स पेरी ह्यांनी मोहल्ल्याचा एक आराखडा मांडला. मध्यभागी प्राथमिक शाळा, तिच्याभोवती सुमारे पाव मैलाच्या अंतरात घरे, आणि मोठे वाहते रस्ते मोहल्ल्याच्या कडेने, म्हणजे मुलास ते ओलांडावेच लागू नयेत. पुढे आपल्या देशात २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला, तेव्हा नियमांत हेच तत्त्व आले. पहिली ते पाचवीची शाळा चालत एक किलोमीटरच्या आत, आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ते सांगतात. ‘चालत’ हा शब्द त्यातील मर्म आहे.

आज वर्धा शहराच्या भोवती पिपरी, सिंदी, बोरगाव, सावंगी ही मेघे गावे आणि नालवाडी अशी उपनगरे वाढली आहेत. सावंगीस १९९० पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. हिंदी विश्वविद्यालय १९९७ पासूनचे. बदली होऊन येणारा मनुष्य प्रथम घरभाडे विचारतो, नंतर कचेरीचे अंतर. आमची नम्र सूचना अशी की, ही यादी उलटी करावी. प्रथम शाळेत जावे. वर्ग कोठपर्यंत आहेत, चौथीनंतर व दहावीनंतर मूल कोठे जाते, शिक्षक टिकतात की दरवर्षी बदलतात, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. मग मुलाचे बोट धरून, शाळा भरण्याच्याच वेळी, त्या वाटेने चालावे. मध्ये फाटक, नाला वा ट्रकांचा रस्ता आहे काय? वैशाखात सावली देणारी कडुनिंबाची झाडे आहेत काय? श्रावणात तेथे पाऊल रुतेल काय? वाट निर्जन आहे की दारात बसलेली माणसे मुलांना ओळखतात? एवढे झाल्यावर घराच्या भिंतींकडे पाहावे. कचेरीची वाट बापाला लांब पडली तर सायकल आहे, मोटार आहे; लेकराला शाळेची वाट लांब पडली तर प्रथम त्याची हजेरी जाते, आणि पुष्कळदा मग शाळाच जाते. मुलीची तर आधी जाते.

हे लिहिताना एक शंका आमच्या मनास टोचते. शाळेजवळची घरे महाग. मग जो गँगमन रुळांवर राबतो किंवा जी मावशी इस्पितळात झाडलोट करते, तिने काय करावे? आणि ज्यांस परवडते ते सर्वच चांगल्या शाळेच्या मागे निघून गेले, तर मागे राहिलेल्या वस्तीची शाळा कोण सुधारणार? ह्यास आमच्यापाशी सोपे उत्तर नाही. इतकेच म्हणतो की, सेगावची वाट सर्वांस चालता येत नसली तरी तिचा काही भाग प्रत्येकास चालता येतो. ज्याने शाळेजवळ घर घेतले त्याने आपली ओसरी संध्याकाळी दूरच्या मुलांच्या अभ्यासासाठी उघडावी. ज्यास दूरच राहणे प्राप्त आहे त्याने शेजारची चार मुले एकत्र करून, आळीपाळीने एकेका वडील माणसाने त्यांना पोहोचवावे. फाटकाशी कोणी उभे राहावे. पांदणीवर मुरूम पडावा म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज करावा, आणि तो पडेपर्यंत पुन्हा पुन्हा करावा.

आमची लेक आज स्वतः शिक्षिका आहे. तिची बदली झाली तेव्हा तिने घराच्या शोधात गावभर पायी हिंडून शेवटी जे घर घेतले, त्यास अंगण नाही आणि पाणीही फारसे गोड नाही. परंतु तिचा मुलगा सकाळी घंटा ऐकून घराबाहेर पडतो आणि घंटा संपण्यापूर्वी रांगेत उभा असतो. आम्ही तिला काही शिकविले नव्हते. तिने फाटकाशी उभे राहून शिकले होते. पुढल्या ज्युबिलीस जे ही पाने उघडतील, त्यांच्या मुलांस असे उभे राहावे लागू नये, एवढीच आमची प्रार्थना आहे.